देवघरातला अडॅप्टर

अक्का, तुमचं मशीन शेवटपर्यंत ठणठणीत होतं. हे आधी सांगून टाकतो, कारण इतक्या वर्षांत तुम्ही मला फोन करून दुसऱ्या कुणाची तब्येत कधी कळवली नाहीत. मशीनचं मात्र सगळं बारीकसारीक कळवलंत. सुई अडखळली, दोरा तुटला, स्क्रीनवर लाल अक्षरं आली. "माप्पिळे, यंत्र रुसलें आहे. यायला होईल का?" एवढंच तुमच्या तंजावरच्या मराठीत बोलायचात आणि फोन ठेवायचात. तमिळमध्ये माप्पिळे म्हणजे जावई. मी तुमच्या धाकट्या बहिणीचा, सुधाचा नवरा, पण तुम्ही मला साऱ्या घराचा जावई करून टाकलं होतंत. म्हणजे मान पहिल्या पानाचा आणि काम टेबलाखालचं.

छातीत दुखतंय, हे मात्र कळवलं नाहीत. ते आम्हाला खालच्या मजल्यावरच्या मामींनी सांगितलं, तुम्ही गेल्यावर. जिना चढताना मध्येच थांबायचात म्हणे. मामींनी विचारलं तर कठडा धरून हसायचात, "ऑण्णुम इल्ल, मामी." काही नाही, मामी. मामींना तुम्ही निदान एवढं तरी उत्तर दिलंत. आम्हाला विचारायचीही संधी दिली नाहीत.

मशीन बंद पडलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी फोन केला असतात. मी आलो असतो, तुमचा चेहरा पाहिला असता, दम लागलेला ऐकला असता, आणि हात धरून रिक्षात घातलं असतं. पण मशीन बंद पडतच नव्हतं. ते मीच दुरुस्त केलं होतं, आणि इतकं चांगलं, की पुन्हा बिघडायची सोयच ठेवली नव्हती. आयुष्यात माझ्या हातून निर्दोष तांत्रिक काम एकच झालं, अक्का. त्याचं फळ हे असं मिळालं.

शोळिंगनल्लूरच्या काचेच्या इमारतीत मी दिवसभर काय करतो, हे तुम्हाला कधी नीट पटवता आलं नाही. "बोलतां," असं तुम्ही म्हणायचात, "दिवसभर बोलतां, आणि त्याचे पैसे देतात." खरं होतं ते. सतत मीटिंगा करणारा माणूस मी, माझ्या हाताला केबल लागायची ती फक्त वेस्ट मांबलमला, तुमच्या घरी.

तुमचं ते भरतकामाचं मशीन एका बंद पडलेल्या कपड्याच्या कारखान्यातून आलेलं. यजमान गेल्यावर तुम्ही ते पुढच्या खोलीत बसवलंत आणि त्याच्या जिवावर मुलाला, रघूला, इंजिनियर केलंत. मशीनच्या पाठीमागे नऊ पिनांचं जुनं तोंड होतं. तुमचा जुना कॉम्प्युटर होता तोवर त्या दोघांचं छान जमायचं. मग तो मेला, रघूनं नवा लॅपटॉप पाठवला, आणि त्याला नऊ पिनांचं तोंड माहीतच नव्हतं. त्याला फक्त यूएसबीची चपटी भोकं. तेव्हा मी मोठ्या ऐटीत मधला एक निळा अडॅप्टर घेऊन आलो. एका टोकाला चपटं, दुसऱ्या टोकाला नऊ पिना. लावला, आतला दिवा लागला, कॉम्प्युटर म्हणाला जोडलं. आणि मशीन ढिम्म. दिवा लागतोय, जोडलंय म्हणतोय, पण पलीकडे काही पोचत नाही. आत नकली चिप होती, हे मला तीन रविवार गेल्यावर कळलं. तुम्ही दर रविवारी कॉफी देत होतात आणि काही म्हणत नव्हतात, ते तुमचं न म्हणणं मला अजून ऐकू येतं.

मग मी रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून चांगला काळा अडॅप्टर आणला आणि मशीन सुरू झालं. पुढे आयुधपूजा आली.

आम्ही साताऱ्याकडचे लोक दसऱ्याला हत्यारं पुजतो, पण तुमच्याइतकी नाही. तुम्ही आदल्या दिवशी सगळं सुटं केलंत. कात्री, टेप, फ्रेम, बॉबिन, लॅपटॉप, केबल, सगळं पुसून देवघरासमोर मांडलंत. चुरमुरे, उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल, झेंडूची फुलं. प्रत्येक वस्तूला गंध, त्यावर कुंकू. अडॅप्टरलाही, आणि दोन्ही तोंडांना, कारण एका तोंडाला लावून दुसऱ्याला नाही लावलं तर त्याला वाईट वाटेल. विजयादशमीला मुहूर्तावर पहिला टाका घालायचा म्हणून तुम्ही सगळं परत जोडलंत, जिथं भोक दिसलं तिथं. आणि फोन आला. "माप्पिळे, यंत्र रुसलें आहे."

मी येऊन पाहिलं तर नऊ पिनांमध्ये चंदन वाळून घट्ट झालेलं. टूथब्रशनं घासून काढलं, तरी चालेना. मग कळलं, कॉम्प्युटर प्रत्येक भोकाला वेगळा नंबर देतो. तुम्ही दुसऱ्या भोकात खोचलात, त्यानं कॉम थ्रीचा कॉम सेव्हन केला, आणि तुमचं भरतकामाचं जुनं सॉफ्टवेअर चारच्या पुढे मोजतच नव्हतं. मी तुम्हाला समजावलं की पूजेआधी कोणतं भोक होतं ते लक्षात ठेवा. तुम्ही मान हलवलीत. पुढच्या वर्षी कॉम नाइन.

मग ते दरवर्षीचंच झालं. पूजेचा फराळ पोटात, दुसऱ्या दिवशी तुमचा फोन, आणि मी हातात टूथब्रश घेऊन मांबलमकडे. ऑफिसात सांगायचो, घरी धार्मिक कार्य आहे. खोटं नव्हतं.

आता कडू बोलतो.

तुम्हा दोघी बहिणींची आई तुमच्याकडे राहायची. तिला दवाखान्यात नेलंत तेव्हा आमच्या नेहाची बारावीची परीक्षा चालू होती. दुसऱ्या दिवशी केमिस्ट्री. तुम्ही सुधाला कळवलं नाहीत. आई सकाळी गेली, फोन दुपारी आला, पेपर सुटल्यावर. त्याच शहरात, त्याच उन्हात, सुधा शाळेच्या फाटकाबाहेर लेकीसाठी ताकाची बाटली घेऊन उभी होती, आणि तिची आई गेलेली होती.

तुमच्या हॉलमध्ये तुम्ही दोघी जे बोललात ते मी भिंतीला टेकून ऐकलं.

"परीक्षा परत देतां आली असती," सुधा म्हणाली.

"आणि मुलीचें वर्ष गेलें असतें तर? मलाच म्हणाली असतीस, अक्कानं थांबायचें होतें."

"माझी आई होती ती."

"माझी नव्हती काय?"

दोघींचंही शेवटचं वाक्य बरोबर होतं. त्या दिवसापासून तुम्ही दोघी बोलला नाहीत. सुधाची अट एकच होती. "एकदा स्वतःच्या तोंडानं म्हण म्हणावं, चुकलें. एवढा एक शब्द. मी त्याच पावलीं येत्ये." आणि तुमचं म्हणणं होतं की तुम्ही चुकलाच नाहीत. नेहाला केमिस्ट्रीत मार्क चांगले पडले, हा तुमचा पुरावा. तो सुधासमोर मांडायची हिंमत मी कधी केली नाही.

मग मध्ये मी. तुम्ही म्हणायचात, "विचारा तिला, अजून तोंड फुगलेंच आहे काय?" मी घरी येऊन सांगायचो, अक्का तुझी चौकशी करत होत्या. सुधा म्हणायची, "करूं दे. चुकलें म्हणाली काय?" मी तुम्हाला येऊन सांगायचो, सुधा येते म्हणाली, जमेल तेव्हा. एवढा मजकूर वाटेत गळायचा. दिवा लागायचा, जोडलंय असं दोन्हीकडे दिसायचं, पलीकडे काही पोचायचं नाही. नकली चिप ओळखायला मला तीन रविवार का लागले, याचं मलाच नंतर हसू आलं.

आणि सुधाच्या डाव्या खांद्यावरची ती सेफ्टी पिन. लहानपणी तंजावरला तुम्ही तिला सायकलवर डबलसीट नेताना पाडलंत, गळपट्टीचं हाड मोडलं, ते वाकडं जुळलं. तेव्हापासून तिचा डावा खांदा बोटभर उतरलेला. एरवी दिसत नाही, ब्लाउजात दिसतं. ते माप फक्त तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हाला टेपही लागत नसे. भांडणानंतर तिनं दुसरीकडे शिवायला टाकलं आणि डावा खांदा घसरायला लागला. रोज सकाळी आरशासमोर पिन. मी एकदा म्हणालो, टेलरला सांग ना, एक बाजू उतरती आहे. ती म्हणाली, "परक्या माणसाला काय म्हणून सांगूं?"

गेल्या आयुधपूजेच्या आधी मी ठरवलं, आता हा टूथब्रश बंद. येऊन लॅपटॉपमध्ये अडॅप्टरच्या ड्रायव्हरची अशी सेटिंग करून दिली की कोणत्याही भोकात खोचा, नंबर तीनच. काळा अडॅप्टर मशीनच्या पाठीमागे चिकटपट्टीनं पक्का केला. आणि पूजेसाठी तुम्हाला तो निळा, मेलेला अडॅप्टर दिला. म्हटलं, याला हवं तेवढं गंध लावा.

"हें चालतें काय देवाला?" तुम्ही विचारलंत.

"देवाला ड्रायव्हर लागत नाही, अक्का."

तुम्ही तो उलटापालटा करून पाहिलात. "मेलेलें आयुध पुजायचें म्हणजे श्राद्ध झालें, माप्पिळे."

तरी ठेवलात देवघरात. मग कॉफीचा पेला माझ्यापुढे सरकवत म्हणालात, "म्हणजे आतां तुमचें येणें नाही."

"मशीन बिघडलं तरच यायचं असं थोडंच आहे?"

"काम नसतां माणसाला कशाला त्रास."

"मग फोन तरी करा."

"कशाला? फोन आला नाही म्हणजे सगळें बरें चाललें आहे, असें समजायचें."

मी म्हणालो, हा कुठला नियम? तुम्ही म्हणालात, आमच्या घरचा. मी म्हणालो, याच नियमानं आईच्या वेळी केवढं झालं ते पाहिलंत ना. तुम्ही उठून पेला विसळायला गेलात. पेल्यात अजून कॉफी होती. भांडण तिथंच राहिलं, आणि आता ते मला एकट्यालाच चालवायचं आहे.

त्या विजयादशमीला फोन आला नाही. मी दिवसभर मोबाइल उलटा-सुलटा करत बसलो. संध्याकाळी मीच केला. "चाललें आहे, चाललें आहे," तुम्ही म्हणालात, "पहिला टाका मुहूर्तावर पडला. ठेवूं?" त्यानंतरही जेव्हा जेव्हा मी फोन केला तेव्हा हेच. चाललें आहे, ठेवूं. एकदा मुद्दाम आलो तर दारातच तुमच्या कपाळाला आठी. "यंत्र तर नीट आहे, मग कसें आलांत?" जणू नादुरुस्तीशिवाय तुमच्या दारात उभं राहणं हा आगाऊपणाच. मी म्हणालो, इकडे काम होतं. तुम्हाला ते पटलं आणि मला आत घेतलंत. त्या वेळी तुम्ही मशीनसमोर स्टुलावर बसून बोललात, उठला नाहीत. मी समजलो कामाची गर्दी आहे. तुम्ही तसंच समजू दिलंत.

तुम्ही स्टुलावरच गेलात. मामींनी पाहिलं. रघू बंगळूरहून आला, सगळं रीतसर झालं, तेरावाही झाला. सुधा रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी देत होती आणि प्रत्येकीला तेच सांगत होती, "पुन्हा तेंच केलें तिनं. आईचें कळवलें नाही, आपलेंही कळवलें नाही." ऐकणाऱ्या बायका हे कौतुक समजून मान हलवत होत्या. बिचाऱ्या अक्का, शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही. अक्का, एवढा त्रास मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

घर रिकामं करायचं म्हणून रघू म्हणाला, "मावशी, हवं असेल ते बघून घे." तेव्हा सुधा तुमच्या पुढच्या खोलीत आली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. तुमच्या दिवसकार्यातही ती हॉल सोडून इकडे फिरकली नव्हती.

मशीनला फ्रेम तशीच लावलेली होती. वांगी रंगाचं रेशीम, त्यावर खडूनं ब्लाउजची आखणी. पाठीवरची वेल पुरी झालेली. उजव्या बाहीची पुरी झालेली. डाव्या बाहीवर वेल निघाली होती आणि एका पानाच्या मध्यावर थांबली होती. खडूची डाव्या खांद्याची रेघ बोटभर खाली होती.

सुधा रेघेकडे बघत उभी राहिली. मी पानाकडे.

कारण ते पान तिथं का थांबलं, हे मला माहीत होतं. त्या मशीनला डिझाइन एकदम पोटात घेता येत नाही, केबलमधून घास-घास घेतं. आणि लॅपटॉपला कुणी हात लावला नाही की तो थोड्या वेळानं झोपतो. मीच तुम्हाला सांगितलं होतं, मशीन चालू असताना अधूनमधून माऊस हलवत जा. तुम्ही ते कधी विसरला नाहीत. एक हात कापडावर, एक माऊसवर. मशीन चालू केलं की ते शेवटच्या टाक्याचा आकडा दाखवतं. मिनिटाला किती टाके पडतात तेही मला ठाऊक आहे. तुमचा हात माऊसवरून कधी सुटला ते काढायचा भागाकार अगदी सोपा आहे, अक्का. मी तो केलेला नाही. हे मी सुधाला सांगितलेलं नाही.

मी तिला दुसरंच सांगितलं. म्हटलं, हे पुरं करता येईल. डिझाइन लॅपटॉपमध्ये आहे, मशीनला सांगता येतं की अमुक टाक्यापासून पुढे चल. फ्रेम मात्र हलता कामा नये. हे शेवटचं वाक्य मी टेबलाखालून बोललो, कारण रघूनं आवराआवरीत केबल उपसून ठेवली होती आणि मी ती शोधत खाली शिरलो होतो. तिनं ते ऐकलं की नाही, हे मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

केबल सापडली. काळा अडॅप्टर जागच्या जागी, चिकटपट्टीसकट. केबलचं टोक लॅपटॉपच्या हाताला लागेल त्या भोकात खोचलं. कॉम थ्री. पहिल्या झटक्यात. ना टूथब्रश, ना रविवार. मशीननं हिरवा दिवा दाखवला, पुढचा टाका मागितला. मी गुडघे झटकत बाहेर आलो, "मिळालं, झालं," म्हणत, जगातला सर्वांत खूश मूर्ख.

सुधा तुमच्या कपाटाच्या आरशासमोर उभी होती. रेशीम तिनं फ्रेममधून सोडवलं होतं आणि डाव्या खांद्यावर धरलं होतं. खडूची रेघ बरोबर त्या वाकड्या हाडावर बसली होती. पिन नव्हती.

"बरोबर बसतें," ती आरशाला म्हणाली.

मग माझ्याकडे वळून, "आतां पुढचें कर."

"आता नाही होणार. एकदा काढलं की परत अगदी तसंच बसत नाही. केसभर सरकलं तरी वेल तुटते."

तिनं हातातल्या रिकाम्या फ्रेमकडे पाहिलं. मला वाटलं आता रडेल. ती तुमच्या स्टुलावर बसली आणि मशीनशी बोलावं तशी तुमच्याशी बोलली.

"चुकलें म्हणायला एवढे टाके कशाला लागतात गे, अक्का? एक फोन करायचा. चुकलें. संपलें."

मशीनचा हिरवा दिवा लुकलुकत होता. पुढचं पाठवा, पुढचं पाठवा.

मी तिला म्हणालो नाही की ते 'चुकलें' होतं याचीही खात्री नाही. कुणास ठाऊक, एखाद्या दिवशी बाजारात तुम्ही तिला लांबून पाहिलं असेल, खांद्यावरची ती पिन दिसली असेल, आणि ती तुम्हाला फक्त शिवणकामाच्या दृष्टीनं सहन झाली नसेल. तुमच्याबाबतीत तेही शक्य होतं. हे रेशीम तुम्ही कधी देणार होतात, माझ्या हाती पाठवणार होतात की स्वतः घेऊन येणार होतात? माझ्या हाती दिलं असतंत तर मी वाटेत काहीतरी गोड बनवून सांगितलं असतं, आणि तेही खोटंच पडलं असतं. बरं झालं, एकदा तरी माझ्याशिवाय काहीतरी तिच्यापर्यंत पोचलं. अर्धं पोचलं.

मशीन रघूनं जुन्या सामानवाल्याला दिलं. कुठं ठेवणार, आमचं घर केवढं, त्याचं केवढं. उचलताना त्या माणसानं विचारलं, "वर्किंग कंडिशन-आ, सार?" मी हो म्हणालो. त्या मशीनबद्दल हे उत्तर मी छातीठोकपणे पहिल्यांदाच दिलं. तो हसला. त्याला ते लोखंडाच्या वजनावर न्यायचं होतं.

काल टेलरचा फोन आला होता. मॅडम, एका बाहीला वेल पुरी आहे, दुसरीला अर्धीच. उरलेल्या जागी लेस लावून देऊ का, कळणार नाही. सुधा म्हणाली, "वेण्डां, नको. तसेंच शिवा." टेलर म्हणाला, लोक विचारतील. ती म्हणाली, "विचारूं देत." डावा खांदा उतरता ठेवायचा, हे तिनं त्याला स्वतःहून सांगितलं. परक्या माणसाला.

निळा अडॅप्टर तिनं तुमच्या देवघरातून उचलून आणला आणि आमच्या देवघरात ठेवला आहे. पिनांत गेल्या वर्षीचं चंदन तसंच आहे. मी ते घासलेलं नाही. आयुधपूजा जवळ आली आहे. सुधानं चुरमुरे आणून ठेवलेत, झेंडू सांगून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. तुमचा फोन येणार नाही, आणि तुमच्या नियमाप्रमाणे मी समजायचं की सगळं बरं चाललं आहे.

मला तो नियम मान्य नाही, अक्का. त्या दिवशी कॉफीचा पेला घेऊन तुम्ही उठून गेलात, म्हणून माझं बोलणं राहिलं. तेव्हाही मान्य नव्हता.